दुःखाला किती गेम

रेणुकाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा देवराव हनवते आयुष्यातला सगळ्यात चांगला डाव खेळत होते.

चिक्कडपल्लीच्या बाजारामागे, टिफिन सेंटरच्या खालच्या तळघरात मोईनभाईंचं पूल पार्लर आहे. तिथला नियम असा, की मोबाइल गल्ल्यावर ठेवायचा आणि टेबलावर वाकलेल्या माणसाशी त्याचा टर्न संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. छत कोसळलं तरी नाही. देवराव आबिड्सच्या पोस्टातून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी तिथं जात. खेळ बेताचाच. एक बॉल पडला की दुसरा हमखास चुकायचा. त्या दिवशी रेणुकाबाईंना छातीत जळजळतं म्हणून दवाखान्यात नेलं होतं. "ताई आहे माझ्याजवळ. तुम्ही इथं नर्सचं डोकं खात बसाल. जा, खेळून या," असं त्यांनीच नवऱ्याला सांगितलं होतं.

फोन मोईनभाईंनी घेतला. ऐकला. आणि देवरावांचा टर्न संपायची वाट बघत उभे राहिले. टर्न संपेना. एक बॉल पडला, दुसरा पडला, तिसरा तर कडेला आपटून, वळून पडला. लोक गोळा झाले. फोनच्या पलीकडे होत्या रेणुकाबाईंच्या थोरल्या बहीण कुसुमताई, नांदेडहून आलेल्या. त्यांना रडता रडता बॉल पडल्याचे खटके आणि "वाह मियाँ, वाह" ऐकू येत होतं. टेबल साफ झाल्यावर मोईनभाई फोन पुढे करत म्हणाले, "देवराव साब, पहले बैठ जाव."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी येऊन गेले, पाहुणे परतले. कुसुमताई राहिल्या. नांदेडला दोन सुना वाट बघत होत्या, पण दाजींना कुकर लावता येत नाही म्हणून राहिल्या. जेवायला वाढायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. आणखी भाजी हवी का, हे पातेल्यावर डाव आपटून विचारायच्या.

देवराव पुन्हा पार्लरला जाऊ लागले तेव्हा वेगळाच प्रकार सुरू झाला. ते हरेनात. भाजीचा ठोक व्यापारी मल्लेश दर खेपेला पांढरा बॉल सरळ भोकात घालून टर्न घालवायचा. सौरभ हा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला पोरगा तिथला सगळ्यात पक्का खेळाडू, तो शिंकेनंसुद्धा पडेल असा बॉल चुकवायचा आणि म्हणायचा, "हात घसरला, काका." सगळ्या पार्लरचेच हात घसरायला लागले होते. सुरुवातीला देवरावांना वाटलं, आपला खेळ सुधारला. मग एके दिवशी त्यांनी डोळे मिटून मारायला सुरुवात केली. तरी जिंकले.

घरी कोणी बोलत नाही, इथं कोणी हरवत नाही. हार घातलेल्या फोटोशी वागावं तसं माणसं वागायला लागली होती. देवरावांना एवढंच हवं होतं, की कोणीतरी एकदा आपल्याला खरोखर हरवावं.

म्हणून त्यांनी स्पर्धा काढली. सूट देऊन खेळायची. कच्च्या खेळाडूला आधीच काही गेम देऊन टाकायचे. पाच गेम आधी करील तो जिंकला. त्यांचा हिशोब सरळ होता. दया जी करायची ती सुरुवातीलाच करा, आकड्यात करा, आणि मग टेबलावर निर्दयपणे खेळा.

सूट ठरवायला कमिटी बसली. मोईनभाई, मल्लेश आणि सौरभ. चहा आला.

"देवराव साब को कितने?"

"दोन," देवराव म्हणाले. "माझ्या खेळाला दोन बरोबर आहेत."

"खेळाला दोनच, काका," सौरभ म्हणाला. "पण सध्याची परिस्थिती बघता..."

"कसली परिस्थिती?"

तिघांनी चहाचे पेले उचलले. शेवटी मल्लेशनं डोळे पुसले. "पापम, बेचारे! भाभी गेली. चार दो."

"हौ, चार," मोईनभाई म्हणाले.

"अहो, चार दिले तर मला एकच गेम जिंकायचा राहतो!"

"तो जिंका ना, काका. आणि मधेच मन लागेनासं झालं तर डाव थांबवून पुढची तारीख मागता येईल. चार गेमवाल्यांसाठी तसा नियम करू."

देवरावांनी कपाळाला हात लावला. तो हातसुद्धा सगळ्यांनी दुःखाचा धरला.

ही बातमी बाहेर फुटली आणि दुसऱ्या दिवशी तळघराच्या जिन्यावर रांग लागली. बायको गेल्याचे चार, तर आई गेल्याचे किती? मल्लेशचीच आई गेली होती, त्यामुळे तो प्रश्न लवकर सुटला: वर्षाच्या आत असेल तर दोन, नंतर एक. सौरभचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि नोकरीही गेली होती. लग्नाचा अर्धा गेम धरला. अर्धा गेम खेळता येत नाही म्हणून एकदा पांढरा बॉल हातानं हवा तिथं ठेवायची परवानगी दिली. नोकरीचा एक. एकानं कुत्र्याचा फोटो आणला. कमिटीनं फोटोला हात जोडले, गेम दिला नाही.

गौलीगुड्याचा एक जण आला. त्याला काहीच नव्हतं.

"काहीच नाही?" सौरभनं विचारलं.

"सब खैरियत है," तो ओशाळून म्हणाला.

"तौबा," मोईनभाई म्हणाले. "घर जा के अच्छे से सोचो."

तो दुसऱ्या दिवशी मेहुण्याला साक्षीला घेऊन आला. आजी फार आजारी होती. त्यावर कमिटीत मोठा वाद झाला. मल्लेश विरघळला होता, पण सौरभ अडून बसला. "वारलेलं माणूसच धरायचं. आजारी चालणार नाही. लोक उगाच वाट बघत बसतील."

देवराव कोपऱ्यात क्यूच्या काठीला खडू लावत होते. ही स्पर्धा आपणच काढली, हे त्यांना कोणाला सांगावंसं वाटेना.

मग मोईनभाई स्पर्धेचा कप रेणुकाबाईंच्या नावानं ठेवायचा म्हणून घरी गेले, कुसुमताईंना बक्षीस द्यायला बोलवायला. कुसुमताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कोणाला किती गेमची सूट, हे ऐकलं तेव्हा हातातली लसूण खाली ठेवली.

"नवऱ्याला चार. आणि बहिणीला?"

"आपा, आप तो खेलते नहीं..."

"ते मी विचारलं नाही. बहिणीला किती?"

संध्याकाळी त्या पर्स घेऊन तळघरात उतरल्या आणि उंच स्टुलावर बसल्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. "तिला चालायला मी शिकवलं. पहिल्या दिवशी शाळेत मी सोडलं. हे मागाहून आले," देवरावांकडे न बघता त्या म्हणाल्या. "ह्यांना चार देता तर मला पाच द्यायला पाहिजेत."

"पाच दिले तर तुम्ही न खेळताच जिंकाल, मावशी," सौरभ म्हणाला.

"मग चार द्या. तिच्यापायी मी भांडणार नाही."

चार दिले. चिठ्ठ्या काढल्या. पहिली चिठ्ठी देवरावांची निघाली, दुसरी कुसुमताईंची. मोईनभाईंनी स्वतः काढल्या होत्या, त्यामुळे कोणाला बोलायची सोय राहिली नाही.

"चारातून चार गेले, शून्य," मल्लेश म्हणाला. "दुःख कट. बराबर का मुकाबला."

कुसुमताईंनी क्यू हातात घेतला तो उंच दोरीवरचे कपडे काढायच्या काठीसारखा. मग देवरावांकडे वळल्या. घरातला अबोला मोडायला त्यांनी तळघर निवडलं.

"दाजी, हात घसरला, डोळ्यात काही गेलं, असलं चालायचं नाही. मुद्दाम चुकलात तर हीच काठी डोक्यात घालीन."

"नाही चुकणार, ताई."

देवराव खरे खेळले. कुसुमताईंचा पहिला फटका टेबलाच्या लाकडाला बसला, दुसरा मल्लेशच्या नडगीला. तिसऱ्याला त्यांनी एक बॉल पाडला. तो देवरावांचा होता. बघताबघता चार-शून्य झालं. पाचव्या गेमसाठी देवराव वाकले आणि तसेच वाकून राहिले. हा जिंकला की संपलं. पुन्हा मल्लेश, पुन्हा सौरभ, पुन्हा घसरलेले हात. आणि मुद्दाम चुकावं तर समोर ही बाई, जी एकटीच आपल्याशी खोटं खेळत नाहीये.

"थांबा," कुसुमताई म्हणाल्या. "मला तारीख पाहिजे."

टेबलावर वाकलेल्या माणसाशी बोलणं पार्लरच्या नियमात बसत नव्हतं. पण कोणी हरकत घेतली नाही.

"नियम आहे तुमचा. चारवाल्याला तारीख मिळते. त्या दिवशी मी फोन कानाला लावून उभी होते. बॉल पडत होते, लोक वाहवा करत होते, आणि मी थांबले होते. आता दाजींनी थांबायचं."

"किती दिवस, ताई?" देवरावांनी विचारलं.

"मला येईपर्यंत. मी तुम्हाला हरवणार आहे. खरं हरवणार. शिकवा मला."

"मी शिकवू? मीच?"

"मग कोण? बाकीच्यांचे हात घसरतात म्हणे."

तेव्हापासून दुपारी भांडी आवरली की दोघं तळघरात उतरतात. "कोपर हलवू नका, ताई." "माझं कोपर हलत नाही, तुमचं टेबल हलतंय." "टेबल दगडाचं आहे." "दगड तुम्ही आहात. माझी बहीण गेली तरी टेबल साफ करत होतात." "मला माहीत नव्हतं हो!" "माहीत नव्हतं ते माहीत आहे मला. आता हा कसा मारायचा, सांगा." घरी जाताना वाटेतही भांडतात. जेवताना भाजीचं तोंडानं विचारलं जातं, आणि नको म्हटलं तरी वाढली जाते.

स्पर्धा मात्र अडकून पडली आहे. ह्या सामन्यात जिंकेल त्याची गाठ सौरभशी आहे, त्यामुळे दुसरी फेरी सुरू होत नाही. मधल्या काळात सौरभला नोकरी लागली. कमिटीनं त्याचा गेम काढून घेतला, तो अपील करणार आहे. मल्लेशच्या आईला येत्या महिन्यात वर्ष होतं, मग त्याच्या दोनाचा एक होणार. तो रोज स्टुलावर बसून कुसुमताईंचा सराव बघतो आणि हात चोळतो. "अय्यो अम्मा, जरा जल्दी सीखो!"

कुसुमताईंना आता सरळ रेषेतला बॉल पाडता येतो. पांढरा अजून त्याच्या मागोमाग भोकात जातो. देवराव खरे खेळतात आणि रोज जिंकतात. नांदेडच्या सुनांचे फोन येतात, तेव्हा कुसुमताई सांगतात, माझी मॅच चालू आहे.

सामना चार-शून्यवर थांबलेला आहे. पाचवा गेम खेळायचा राहिला आहे, आणि कुसुमताईंना देवरावांना हरवायला अजून जमलेलं नाही.