गुंडूचं बटण आणि माझा डबा

हे लिहिणार नव्हतो. खरंच. सकाळपासून दोनदा फाइल उघडली, दोनदा बंद केली, खाली जाऊन इडली खाऊन आलो. पण गुंडू समोर बसलाय आणि लिहून होईपर्यंत उठणार नाही म्हणतोय. तर लिहितो.

मी नागोजी, खानापूरचा. कॉम्प्युटर शिकलो ते व्हिडिओ बघून आणि लोकांची जुनी मशीन बिघडवून. बसवनगुडीत रंजिता अक्कांचा छोटा स्टुडिओ आहे. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं तिथे वाचून रेकॉर्ड करतात. तिथली मशीन मी सांभाळतो. गुंडू रेकॉर्डिंग साफ करतो. खोकला, श्वास, पान उलटल्याची खसखस, सगळं कापून काढतो. तो निपाणीचा. के. आर. पुरमला आम्ही एकाच खोलीत राहतो.

गुंडूची एक सवय आहे. संध्याकाळी निघताना दारापाशीच्या बोर्डावरचं सगळ्या मशीनचं मोठं बटण बंद करतो. लहानपणी त्यांचा टीव्ही व्होल्टेजने जळाला, तेव्हापासून वडिलांनी लावलेली सवय. बंद करतो आणि मशीनना म्हणतो, "झोपा आता." सगळे हसतात. मीही.

जूनमध्ये गुंडूच्या मशीनमधली जागा संपली. मी जिन्याखालच्या कपाटात एक डबा बसवला. डबा म्हणजे चार डिस्कचा सर्व्हर. गुंडूच्या बटणाची धास्ती होती, म्हणून वायरमनकडून त्याची लाइन वेगळी ओढून घेतली, थेट यूपीएसवर. दारापाशीचं बटण बंद केलं तरी डबा चालूच राहतो. हे स्टुडिओत मला एकट्यालाच माहीत होतं.

आता डब्यातली जागा वाटायची कशी? एक साधी पद्धत आहे, फोल्डर शेअर करायची. ते दुकानासारखं. आपण मागतो, दुकानदार काढून देतो. कुठे काय ठेवलंय ते तोच बघतो, त्यामुळे दहा गिऱ्हाइकं आली तरी गोंधळ नाही. दुसरी पद्धत म्हणजे डिस्कचा कोरा तुकडाच नेटवर्कवरून देऊन टाकायचा. त्यात दुकानदारच नाही, गोदामाची किल्लीच हातात. मशीनला वाटतं ही आपली स्वतःची डिस्क. ही पद्धत मी नुकतीच शिकलो होतो, तेव्हा अर्थातच हीच वापरली. गुंडूच्या स्क्रीनवर नवी डिस्क उगवली.

"नाग्या, ही डिस्क माझ्या मशीनमध्ये हाय?"

"नाही रे. जिन्याखाली आहे."

"मग हितं कशी दिसालीय? भारी हायस मर्दा तू!"

दोन दिवस मी त्याच हवेत होतो.

मग एका बुधवारी अक्का म्हणाल्या, "आठवीचं विज्ञान लवकर पाहिजे रे. शमिकाला पण त्याच फाइली दे. स्वल्प घाई आहे." शमिका म्हणजे दुसऱ्या मशीनवर बसणारी. मी डब्यात तिच्या मशीनचं नाव घातलं आणि तोच तुकडा तिलाही जोडून दिला. पाच मिनिटं लागली. डबा काही बोलला नाही.

एका गोदामाच्या दोन किल्ल्या, दोघांना. आणि दोघांनाही वाटतंय मालक मीच. कुठला कप्पा रिकामा आहे ते दोन्ही मशीन आपापल्या मनात धरून बसतात, एकमेकांना विचारत नाहीत. एकाने ठेवलेल्यावर दुसरा ठेवून जातो. असं करू नका म्हणून मी वाचलं होतं. हेही लिहितो, गुंडू, कारण हे तुला सकाळी सांगितलं नाही. मी ते वाचलं होतं. वाचून पुढे गेलो.

लक्षणं दुसऱ्याच दिवशी दिसली. गुंडूने सेव्ह केलेली फाइल शमिकाला दिसेना. मी म्हटलं, "डिस्क काढून परत जोड." दिसली. मला वाटलं, जमलं.

सोमवारी सकाळी दोन्ही मशीन म्हणाली, डिस्क फॉरमॅट करा, म्हणजे पुसून कोरी करा. मी दुरुस्ती चालवली, तर होतं नव्हतं तेही फाटलं. एका फाइलच्या पोटात दुसरीचे तुकडे. मूळ रेकॉर्डिंग वेगळं होतं, ते वाचलं. गुंडूचं तीन आठवड्यांचं काम गेलं. बॅकअप पुढच्या रविवारी लावणार होतो.

अक्कांनी सगळ्यांना बसवलं.

"गुंडू, शनिवारी जाताना बटण बंद केलंस?"

"केलं की अक्का. रोजच करतो."

"अय्यो! चालत्या डिस्कची लाइट घालवली तर असंच होणार. नागोजी, असंच ना?"

"होऊ शकतं, अक्का."

एवढंच बोललो मी. डब्याच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, दोन्ही मशीनची नावं एकाच वेळी आत आलेली मी तासाभरापूर्वीच बघितली होती.

त्याला आज तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत गुंडू बटणाला हात लावायला घाबरायला लागला. एकदा मेट्रोच्या जिन्यावरून परत स्टुडिओपर्यंत चालत गेला, काही चुकीचं बंद केलं का बघायला. मग मला म्हणाला, "नाग्या, निघताना काय काय तपासायचं ते लिहून दे की." मी दिलं. आठ ओळी. त्याने तो कागद स्क्रीनच्या वर चिकटवला.

शुक्रवारी अक्कांनी मला बाजूला घेतलं. "पोरगा चांगला आहे रे, पण हात बेफिकीर. या महिन्यानंतर नको. सोमवारी मी सांगते त्याला. तू बोलू नकोस. सरी?" मी मान हलवली. तिथेही.

आज रविवार. सकाळी गुंडू शर्टाला इस्त्री करत होता.

"बाबांना फोन केलतो," तो म्हणाला. "सांगितलं, माझ्याच हातानं झालं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बटण बंद करायला मीच शिकवलं तुला. चूक माझी."

मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं. दोन किल्ल्या, लॉग, यूपीएस, शुक्रवारचं अक्कांचं बोलणंसुद्धा.

गुंडूने आधी इस्त्री बंद केली. बटण बघितलं, परत एकदा बघितलं.

"मग माझं बटण?"

"डब्याला लागतच नाही ते."

"अक्का विचारालत्या तवाच तुला म्हाईत होतं?"

"हो."

"आणि वर मला आठ ओळी लिहून दिलास व्हय रं? अक्षर बी चांगलं काढलंस!"

मी माफी मागायला लागलो. तो म्हणाला, "गप. तोंडानं सांगशील तर चार इंग्रजी शब्द घालून अक्काला फिरवशील. लिही. मला कळंल असं. बाबांना बी वाचून दाखवायचं हाय."

म्हणून हे लिहिलं. माफ केलंय का, ते त्याने सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

गुंडू, उद्या दहाला, अक्का तुला आत बोलवायच्या आधी मी त्यांच्यासमोर उभा राहून हे वाचतो. एकही ओळ गाळणार नाही, होऊ शकतं म्हटलेली ओळसुद्धा नाही. मग तू सगळ्यांसमोर तुझं बटण बंद कर आणि मी जिन्याखालचं कपाट उघडतो. डब्याचा हिरवा दिवा चालू असेल, तो अक्का स्वतः बघतील. त्यानंतर कुणी जायचंच असेल, तर मी जाईन. बाबांना फोनही मीच करतो, तुझ्यासमोर. हा माझा शब्द.