सुटलेला ठोका

मी एक चप्पल बोलतेय. निळी, रबरी, उजव्या पायाची. नाक मुरडू नका. गावच्या सभाघरात मी काचेच्या पेटीत आहे, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, आणि खालच्या पाटीवर झकाया मामाचं नाव आहे. त्याच्या पायाशी माझा कधीही संबंध आला नाही.

मी रोलीनची. गिझो बंदरातल्या चिनी दुकानात दोरीला लटकत होतो आम्ही दोघी, मी आणि माझी डावी. रोलीनच्या आईने आम्हाला तिथून आणलं. रोलीन तेव्हा पंधराची. बाप लाकूड वाहणाऱ्या जहाजावर गेला तो गेलाच. आई लांबच्या बेटावर मासळीच्या कारखान्यात लागली आणि वर्षाचा भाऊ लिव्हाई रोलीनच्या कडेवर आला. शाळेचं काय, असं तिने विचारलं तेव्हा तिचा मामा, गावचा मुखिया झकाया, सुपारी चघळत म्हणाला, "शाळा काय पळून जातेय?" शाळा नाही पळाली. तिची वर्षं पळाली. मोठ्या माणसांना हा हिशेब कधी जमत नाही, कारण वर्षं त्यांची जात नसतात.

त्या काळी रोज सकाळी रेडिओवर 'आजच्या दिवशी' लागायचं. कुठला गोरा गायक आजच्या दिवशी जन्मला, कुणाची पहिली तबकडी निघाली, कोण विमानातून पडून मेला. गावातली म्हातारी माणसं नारळ खवता खवता हात थांबवून ऐकायची. दहा समुद्रांपलीकडच्या मेलेल्या माणसाचा वाढदिवस त्यांना पाठ. रोलीनचा कधी असतो, ते कुणाला सांगता आलं नसतं.

आमच्याकडे लांबआखूड बांबू एका चौकटीत ओळीने बांधतात आणि त्यांच्या उघड्या तोंडांवर चपलेचा तळवा मारतात. घुम्म, असा आवाज येतो, पोटातून आल्यासारखा. हे बांबू झकायाचे होते. पुरुष समुद्रावर गेले, की रोलीन ते वाजवायची. डाव्या हाताने कडेवरचं पोर धरलेलं, म्हणून माझी डावी तिच्या पायातच असायची आणि मी एकटी तिच्या उजव्या हातात. अशीच वाजवत वाजवत तिने एक चाल बांधली. घराकडे यायला निघालेल्या आणि कधीच न पोचणाऱ्या होडीसारखी ती चाल होती.

एकोणीस ऑगस्टला रेडिओचा माणूस आवाज टिपायचं यंत्र घेऊन होडीने आला. पुरुष मासे धरायला गेलेले. त्याने ती चाल ऐकली.

"ए पोरी, तेच पुन्हा वाजव."

"भाऊ आहे ना कडेवर. रडेल."

"रडू दे. वाजव तू."

ती वाजवू लागली. ऐन रंगात आली आणि लिव्हाई घसरला. रोलीनने कंबर उचलून, उजव्या हाताचं कोपर लावून त्याला वर घेतलं. मी हवेतच राहिले. एक ठोका सुटला. मग तिने पुढचा मारला आणि चाल पुढे गेली.

तेवढ्यात झकाया होडीतून उतरला. रेडिओवाल्याने नाव विचारलं. "झकाया. चाल माझी, बांबू माझे," तो म्हणाला.

"आणि ही?"

"ही? भाची आहे. पोर सांभाळते."

पुढच्या वर्षी त्याच तारखेला सकाळी रेडिओ म्हणाला, "आजच्या दिवशी चीफ झकाया यांनी..." सगळा देश ती चाल गुणगुणत होता तोवर. रोलीन मामाकडे गेली.

"मामा, त्यांना सांग ना. चाल माझी होती."

"बांबू कुणी तोडले?"

"तू."

"मग? झाड माझं आणि नारळ तुझा होय गं?"

बसलेले सगळे हसले. त्याच दिवशी त्याने मला तिच्या पायातून काढून सभाघरात मांडायला नेलं. डावी तिच्याकडे राहिली.

त्या सुटलेल्या ठोक्याचं त्याने काय केलं, ऐका. रेडिओवर सांगितलं, "तो मी मुद्दाम सोडला. समुद्रात बुडालेल्या पूर्वजांसाठी." पाद्रीबाबांनी त्यावर प्रवचन दिलं. शाळेत मुलांना शिकवलं, की तिथे मान खाली घालायची. लहान पोर घसरलं, त्याची यांनी प्रार्थना केली.

यंदा वीस वर्षं झाली. रेडिओवाले थेट कार्यक्रमाला सभाघरात आले. झकायाचा खांदा दुखतो, म्हणून लिव्हाई वाजवणार होता. मामा त्याला ब्रिस्बेनच्या महोत्सवाला नेणार आहे. रोलीन मागे तापल्या दगडांवर जेवण शिजवत होती. ती उठली, हात पुसले आणि थेट माईकपाशी आली.

"दादा, मला एक सांगायचंय," ती रेडिओवाल्याला म्हणाली.

"रोलीन, डुक्कर शिजलं का?" झकाया खुर्चीतूनच म्हणाला. हशा पिकला.

"शिजतंय, मामा. ही चाल माझी आहे. एकदा माझं नाव घ्या, बाकी काही नको. आणि तो ठोका पूर्वजांसाठी नाही सुटला. हा लिव्हाई घसरत होता माझ्या कडेवरून. विचारा त्याला. मी लहानपणीच सांगितलंय त्याला सगळं."

हशा थांबला. सगळे लिव्हाईकडे बघू लागले. तो वाकून हातातली नवी चप्पल झटकत होता. झटकण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"ताई," तो मान वर न करता म्हणाला, "रताळी करपतील बघ."

बस. रेडिओवाल्याने जाहिरात लावली.

मग लिव्हाईने वाजवलं. छान वाजवतो मेला. ती जागा आली आणि सगळ्या गावाने मान खाली घातली. मी पेटीतून बघत होते. दाराकडे निघालेल्या रोलीनची डावी कंबर आपोआप वर उचलली गेली. कडेवर कुणी नव्हतं. कुणी पाहिलंही नाही.

नंतर माझ्या पेटीला फुलांचा हार घातला. चपलांचा हार कुणाच्या गळ्यात घालायचा असतो, हे का मी सांगू? तो गळा समोरच्या खुर्चीत बसून डुकराची चरबी गिळत होता.

माझी डावी रोलीनच्या स्वयंपाकघराच्या दाराला आहे. पट्टी कापून तिने तिची बिजागरी केली. वरची बिजागरी ती, खालची कधीच तुटली आहे, दार लोंबकळतं. मला इथून काढा आणि खाली ठोका. चार खिळे सोसेन मी, ही पाटी सोसवत नाही.

तेवढं धाडस गावात नसेल, तर निदान एक करा. पुढच्या एकोणीस ऑगस्टला रेडिओ लागेल, ती जागा येईल, सगळे मान खाली घालतील. तुम्ही घालू नका. मान वर ठेवा आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघा.