पंधरा शेळ्या, तीन वाघ आणि एकच तारा

मी एक जुना खेळ आहे, पण माझं वय अवघं चौदा महिन्यांचं. मित्रांनो, हे कोडं नाही. वाघ-शेळीचा खेळ शिराळ्याकडच्या गावांत किती पिढ्या चालत आलाय, ते कुणीच सांगू शकणार नाही. तालमीच्या फरशीवर खिळ्यानं रेघा ओढायच्या, तीन खडे वाघ म्हणून घ्यायचे आणि पंधरा चिंचोके शेळ्या म्हणून. वाघांनी उडी मारून शेळ्या खायच्या, शेळ्यांनी मिळून वाघांना कोंडायचं. मी म्हणजे त्याच खेळाचा मोबाईलमधला अवतार. मला ना रेघ लागते, ना खडा. पण या चौदा महिन्यांत माझ्या वाघांनी जेवढ्या शेळ्या खाल्ल्या नसतील, तेवढ्या शिव्या मी खाल्ल्या आहेत.

मला घडवलं मिरजेच्या अंकितानं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. नवरा फौजेत, लांब सिक्कीमला. घरात ती आणि सात वर्षांची सोनिया. अंकिताचा स्वभाव काळजीचा. मुलगी शाळेच्या रिक्षात नीट बसली का, डबा संपवला का, मोबाईलवर काय बघते, या सगळ्यावर तिचं बारीक लक्ष. मोबाईल काही तिला मुलीच्या हातून सोडवता येईना. मग तिच्या मनात आलं, पोर मोबाईल घेणारच, तर निदान त्यात तिचे आजोबा तरी असू देत.

आजोबा म्हणजे गुंडाअण्णा, अंकिताचे सासरे. सैन्यातून निवृत्त होऊन शिराळ्याजवळच्या गावी एकटेच राहतात. वाघ-शेळीत त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. अंकिता वही घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि अण्णा सांगत गेले.

"लिही. शिवलं की उचललंच पायजे. खाल्लेली शेळी परत न्हाई. वाघाला दया न्हाई."

"आणि अण्णा, लहान मुलं खेळत असली तर काही वेगळं?"

"न्हाई. पटावर समदी सारकी."

अंकितानं ते तसंच उतरवून घेतलं. वाघ माझे, शेळ्या खेळणाऱ्याच्या; प्रत्येक चालीआधी पुढच्या बारा चाली बघायला तिनं मला शिकवलं. वाघांवर अण्णांचा मिशीवाला फोटो बसवला. शेळी मेली की अण्णांच्याच आवाजात ललकारी घुमायची, "खाल्ली!" ती त्यांनी इतक्या जोरात दिली होती की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. माझं नाव ठेवलं 'गुंडाअण्णांचे वाघ' आणि कुणालाही फुकट घेता यावं म्हणून मला प्ले स्टोअरवर टाकलं.

मला फार अभिमान वाटला होता, मित्रांनो. आपल्याला कुणी हरवूच शकत नाही, तर लोक आपल्याला डोक्यावर घेतील, असं मला वाटलं.

लोकांनी मला पायाखाली घेतलं.

उघड्यावर कुणी बोलणार नाही, ते लोक तिथल्या माझ्या पानावर लिहायचे आणि पाचपैकी एकच तारा द्यायचे. सांगलीची एक ताई म्हणाली, "बारा दिवस झाले, एकदाही जिंकले नाही. हे बनवणाऱ्याला झोप तरी कशी येते?" कऱ्हाडच्या एकानं लिहिलं, "सोपं, मध्यम, अवघड असं काही असतं, हे यांच्या गावी नाही. इथं सगळं अवघडच!" एका आईनं लिहिलं की तिच्या मुलानं रागानं मोबाईल भिंतीवर फेकला. आणि फलटणचे मानसिंग तर हात धुऊन माझ्या मागं लागले होते. ते उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. "कारखान्यावर गाडी नंबरला लागलीय," असं त्यांनी लिहिलं. "सहा तास ह्योच खेळ. एकदाबी जितलो न्हाई. खेळ हाय का शिक्षा? त्या म्हाताऱ्याचं तोंड बंद करा पयलं. खाल्ली खाल्ली करून डोकं उठवलंय. एक तारा, त्योबी जिवावर येतोय."

त्याखाली बावन्न जणांनी अंगठे उठवले. म्हातारा हा शब्द मग माझ्या पानावर रोजच दिसायला लागला. अंकिता गॅसजवळ उभी राहून हे सगळं वाचायची आणि दूध उतू जायचं. सोनियाच्या नजरेला पडू नये म्हणून ती मोबाईल पालथा ठेवायची. पण मुलांच्या नजरेतून काय सुटतं?

सोनिया स्वतः माझ्याशी रोज खेळायची. आधी हौसेनं, मग हट्टानं, मग डोळ्यांत पाणी आणून. मी तिला एकेचाळीस वेळा हरवलं. दर वेळी समोर अण्णांचा फोटो आणि कानात अण्णांचा आवाज. एकदा संध्याकाळी अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. "काय करती माझी वाघीण?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं. सोनिया सोफ्याच्या मागं गेली आणि तिथूनच ओरडली, "मला नाही बोलायचं त्या म्हाताऱ्याशी! तो सारखा मला खातो!"

अण्णांना ते ऐकू गेलं. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि फोन ठेवला.

दिवाळीत सोनिया गावी जायला तयार झाली नाही. अंकितानं समजावलं, रागावली, शेवटी हात टेकले. पोरगी आणि आजोबा यांच्यात आपणच भिंत बांधली, हे तिच्या जिवाला लागून राहिलं. मला पुसून टाकायचं तिच्या मनात कितीदा तरी आलं असेल. पण मला पुसल्यानं सोनियाच्या मनातला वाघ थोडाच पुसला जाणार होता?

मार्गशीर्षात अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत ठरलं, आणि ते महिनाभरासाठी मुलाच्या घरी आले. डोळ्यांवर काळा चष्मा. वाकायचं नाही, मोबाईल बघायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. सोनिया त्यांच्या खोलीत पाऊल टाकेना. जेवायच्या वेळी ताट घेऊन आईच्या पलीकडे बसायची.

शेजारी अकिलाचं घर. त्यांच्या घरी तंबोरे बनतात. अकिलाची सहा वर्षांची अर्फा मात्र दुसऱ्याच दिवशी अण्णांना येऊन चिकटली. फ्रॉकच्या खिशात चिंचोके घेऊन आली. वाघ म्हणून तिनं अब्बांच्या कारखान्यातून तंबोऱ्याचे तीन मणी आणले होते. अण्णांनी टीपॉयवर खडूनं पट आखला. मी सोफ्यावर पडल्या पडल्या बघत होतो.

"अण्णा, वाकू नका हं," अंकिता स्वयंपाकघरातून ओरडली.

"न्हाई वाकत. टीपॉय वर घ्यू का आता डोस्क्यावर?"

खेळ सुरू झाला. अण्णांच्या वाघानं पटापट दोन शेळ्या मारल्या. अर्फाचा ओठ बाहेर आला. तेवढ्यात अण्णांनी मान स्वयंपाकघराकडं वळवली आणि म्हणाले, "अंकिता, पाणी दे गं जरा." अर्फानं झटकन दोन्ही चिंचोके पटावर परत ठेवले, वर खिशातले आणखी दोन. अण्णा वळले. पटाकडं बघत त्यांनी कान खाजवला आणि वाघ मुद्दाम कोपऱ्यात नेऊन बसवला.

अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच थबकली. दारात उभ्या सोनियानंही ते बघितलं होतं.

"सतरा!" ती ओरडली. "आई, सतरा शेळ्या झाल्या! पंधराच असतात!"

"आसत्याल की सतरा," अण्णा म्हणाले. "शेळ्याच हायत. व्यायल्या आसत्याल."

अर्फा खुदकन हसली. सोनिया हसली नाही.

"मग माझ्या का नाही व्यायल्या?" तिचा आवाज चिरकला. "मला एकेचाळीस वेळा खाल्लंत तुम्ही. एकदा पण पाणी नाही मागितलंत!"

"मी? कवा गं?"

तिनं मला सोफ्यावरून उचललं आणि अण्णांच्या कानाला लावलं. मी माझं काम केलं. "खाल्ली!"

आपलाच आवाज ऐकून अण्णांचा चेहरा उतरला.  अंकिताकडं तोंड करून ते म्हणाले, "पोरी, ह्यो मी न्हवं."

"अण्णा, तुम्ही सांगितलेलेच नियम घातलेत. लहान मुलांचं काही वेगळं आहे का, म्हणून विचारलंसुद्धा होतं मी."

"अगं, त्यो काय नियम हाय व्हय? समोर बारकं पोर बसलं की त्ये आपसूक हुतं. त्ये कोण कुणाला सांगतंय?"

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी खोट कळली. माझ्यात नियम सगळे होते. नियमांच्या मध्ये माणसं जे गुपचूप करतात, ते कुणी वहीत उतरवलंच नव्हतं.

अंकितानं मला सुधारायला घेतलं. आधी तिनं माझ्या वाघाला दर पाचव्या चालीला चुकायला शिकवलं. लोक आणखीच भडकले. मानसिंगांनी लिहिलं, "आता वाघ मुद्दाम हरतंय. आमाला काय भीक घालतंय काय? पयलं बरं हुतं."

अंकितानं ते वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "बरोबर हाय त्या गड्याचं. आपण कुणाम्होरं हरतोय, त्येच ह्येला ठावं न्हाई. मग त्ये हरणं काय कामाचं?"

शेवटी अंकितानं माझ्या वाघाचा मेंदूच काढून घेतला. फोटो काढला, आवाज काढला, नाव बदलून नुसतं 'वाघ-शेळी' ठेवलं. आता मला उघडलं की फक्त पट दिसतो. वाघ एका माणसानं चालवायचे, शेळ्या दुसऱ्यानं, समोरासमोर बसून. मेलेल्या शेळ्या कडेला पडून राहतात. कुणी त्यातली एखादी उचलून परत पटावर ठेवली, तर मी अडवत नाही. बारा चाली पुढचं बघणारा मी नुसती फरशी झालो. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

शिव्या काही थांबल्या नाहीत. "एकट्याला खेळता येत नाही, मग मोबाईलवर कशाला?" "आधी अवघड होता, आता निकामी झाला." आणि मानसिंग? "कारखान्याच्या नंबरात एकटा बसलोय. दुसरा माणूस कुठनं आणू? एक तारा."

अंकितानं कधीच कुणाला उत्तर दिलं नव्हतं. पण हे तिनं मोठ्यानं वाचलं, तेव्हा गृहपाठ करत बसलेली सोनिया मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या मागच्या ट्रॅक्टरवर कुणीच नसतं का?"

अंकितानं तेच लिहिलं. "दादा, तुमच्या मागच्या ट्रॅक्टरवर कोण आहे?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. "मागं लालासाहेब हाय. लय लबाड माणूस. म्या तंबाकू मळाय लागलो की शेळ्या वाढत्यात. चार डाव हारलो. तारा एकच."

अण्णा इतके हसले की अंकिता धावत आली, "अण्णा, डोळ्यावर ताण येईल!" सोनियानं वहीतून वर बघितलं. हसून हसून अण्णांच्या चष्म्याखालून पाणी येत होतं. ती उठली, मला उचललं आणि टीपॉयवर त्यांच्यासमोर ठेवलं. डॉक्टरांनी कालच मोबाईलला थोडी थोडी मोकळीक दिली होती.

"वाघ तुमचे," ती म्हणाली. दोन महिन्यांत ती त्यांच्याशी नीट बोललेलं हे पहिलंच वाक्य.

 पाचव्या चालीला अण्णांच्या वाघानं शेळी मारली. उगाच खोटं खेळले नाहीत ते. मेलेली शेळी कडेला जाऊन पडली. सोनिया तिच्याकडं बघत राहिली, मग अण्णांकडं.

"अण्णा, तुम्हाला तहान नाही लागली?"

"लागली की!" अण्णा म्हणाले आणि सगळी मान स्वयंपाकघराकडं वळवली. "अंकिता, पाणी आण गं, मोठा तांब्या भरून आण!"

सोनियाचं बोट कडेवरून पटावर आलं. मला सगळं दिसलं. मी काही बोललो नाही.

मित्रांनो, माझ्या पानावर आजही एकाच ताऱ्याची रांग आहे. तुम्हालाही शिव्या द्याव्याशा वाटल्या तर मला खुशाल द्या, मला आता सवय आहे. फक्त जिनं मला बनवलं तिच्या घरातही तुमच्याएवढं कुणीतरी ते वाचतं, एवढं ध्यानात असू द्या. मला एकट्यानं उघडू नका. समोर कुणी नसेल तर घरात हाक मारा, शेजारी बघा, मागच्या ट्रॅक्टरवर बघा. आणि समोर बसलेलं माणूस तुमच्याहून लहान असेल, तर मध्येच केव्हातरी पाणी मागा.