वाघोलीच्या उत्तरेश्वराचा प्रश्न

केंजळे सरांना एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की ते सरळ सांगायचे, "माहीत नाही. पुढचा." आणि उत्तर येत असलं की विचारणाऱ्याची धडगत नसायची.

घरोघरी केबल आली त्या काळात धायरीतली केबल आमची होती. वडिलांनी रस्त्याकडेचं रान बिल्डरला दिलं आणि त्यातून माझ्या वाट्याला डिश अँटेना, वायरची भेंडोळी आणि गच्चीवरची एक खोली आली. पिक्चर दाखवून झाले, वाढदिवसाच्या शुभेच्छा दाखवून झाल्या, तेव्हा मला वाटलं, आपला स्वतःचा एखादा कार्यक्रम असावा. शाळेत मला इतिहास शिकवणारे रामदास केंजळे सर निवृत्त झाल्यावर कसबा पेठेतली जागा सोडून आमच्याच भागात फ्लॅट घेऊन राहायला आले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा अमेरिकेत, आणि बोलायला कुणी नाही. एवढा बोलका माणूस गप्प बसून नासत होता. मी त्यांना गच्चीवर आणलं, कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि दर रविवारी सकाळी 'विचारा जगाचा इतिहास' सुरू केलं. लोकांनी फोन करायचा, सरांनी उत्तर द्यायचं, सगळं थेट.

पहिल्याच रविवारी फोनचा स्पीकर असा काही किंचाळला की खाली म्हैस बिथरली. मग मी तो नाद सोडला. मी कोपऱ्यात रिसीव्हर कानाला लावून उभा राहायचो, पलीकडचा प्रश्न ऐकायचो आणि मोठ्यानं सरांना सांगायचो. मग रिसीव्हर सरांच्या दिशेनं धरायचा, म्हणजे विचारणाऱ्यालाही उत्तर ऐकू जायचं. सरांची ताकीद होती, "शंभू, प्रश्न जसा आला तसाच सांगायचा. तुझी अक्कल त्यात मिसळायची नाही. मिसळण्याइतकी ती नाहीच म्हणा."

धायरीच्या लोकांना जगाच्या इतिहासाबद्दल काय पडलंय असं ज्याला वाटत असेल त्यानं त्या फोनशी उभं राहायला हवं होतं. एका कॉन्ट्रॅक्टरनं विचारलं, पिरॅमिडचे दगड क्रेन नसताना वर नेले, तर मजूर पळून कसे जात नव्हते? खालच्या आळीच्या सोजरबाईंचा फोन तर ठरलेला. "चीनची भिंत बांधली म्हनता, तवा त्या एवढ्या गड्यांच्या भाकरी कोन थापीत हुतं?" सर म्हणाले, "बाई, राजाचं नाव लिहिणाऱ्यांनी भाकऱ्या थापणाऱ्यांचं नाव लिहिलेलं नाही. माहीत नाही. पुढचा." खोलीत सतरंजीवर बसायला येणारी मंडळी हसायची. सरांच्या टोमण्यांसाठीच ती यायची, आणि सरांनाही ते माहीत होतं.

आता विश्वजीतबद्दल सांगायला हवं. विश्वजीत म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा आणि शाळेत माझ्या बाकावरचा. त्याला लहानपणापासून इतिहासाचं वेड. जेवताना प्रश्न, आंघोळ करताना प्रश्न. बारावीनंतर आर्ट्सला जाऊन इतिहासच शिकायचा, असं त्याचं ठरलेलं. आणि त्याच वेळी इतिहास शिकवून उभा जन्म काढलेल्या आमच्या सरांनी स्वतः रांगेत उभं राहून त्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घातलं. देश बदलतोय, कंपन्या येताहेत, इतिहासानं पोट भरत नाही, माझ्याकडे बघ, म्हणाले. तो गुमान शिकला. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला अमेरिकेला निघाला त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडून बाहेर पडलं, "बाबा, तुम्हाला स्वतःच्या विषयाची लाज वाटते." सर म्हणाले, "मग जा, आणि परत तोंड दाखवू नकोस." मी त्याची बॅग उचलायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं. दोघंही हट्टी. त्यानंतर ना पत्र, ना फोन.

माझं मात्र विश्वजीतशी ई-मेलवर बोलणं असायचं. त्याला मी कार्यक्रमाबद्दल कळवलं आणि पुढच्याच रविवारी फोन वाजला. तिकडे शनिवारची रात्र. "शंभ्या, मी बोलतोय. नाव सांगू नकोस. काहीही सांग, उत्तरेश्वर सांग. विचार, बर्लिनची भिंत पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावरचे पहारेकरी कामावर गेले का?"

"वाघोलीहून उत्तरेश्वर," मी ओरडलो. वाघोली का, ते देवाला माहीत. तोंडात आलं.

सर खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "गेले असणार. पगार कुणी सोडतं का?" सगळे हसले. पण सर हसले नाहीत. थांबून म्हणाले, "पण पहारा कशावर द्यायचा, हे त्यांना कुणी सांगितलं असेल का? चांगला प्रश्न आहे." चांगला प्रश्न, असं आमचे सर शाळेत कुणालाही म्हणाले नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर सरांनी मला पकडलंच. "वाघोलीत आपलं चॅनल दिसतं? आपली वायर तर वडगावचा कालवा ओलांडत नाही." मी म्हणालो, रविवारी माझ्या मेहुण्याकडे येतो सर, धायरीला. खोटं बोलायचं म्हटलं की नातेवाईक फार उपयोगी पडतात.

मग वर्षभर उत्तरेश्वराचा फोन येत राहिला. नेपोलियन हरल्यावर त्याच्या शिपायांनी त्या गणवेशांचं काय केलं? रोमचं साम्राज्य बुडालं ते तिथल्या लोकांना त्या दिवशी कळलं का? सर म्हणाले, "नाही. त्या दिवशीही लोक बाजारात कांद्याचा भाव करत होते. साम्राज्य बुडालं हे नंतरच्या मास्तरांनी ठरवलं." सर आता शनिवारपासूनच तयारीला लागायचे. इस्त्रीचा शर्ट घालायचे. एकदा तर कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "या उत्तरेश्वरासारखं पोर माझ्या हाताखाली आलं असतं, तर मी त्याला इतिहासाशिवाय दुसरं काही करूच दिलं नसतं."

रिसीव्हर तेव्हा त्यांच्याकडेच धरलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा इतक्या जवळ असलेला मी दुसरा पाहिला नाही. मी रिसीव्हर कानाला लावला. विश्वजीत म्हणाला, "ऐकलं."

त्यानंतर मी त्याच्या मागे लागलो, आता सांगून टाक. तो म्हणायचा, सांगेन, नीट वेळ बघून सांगेन. इकडे सर माझ्या मागे, त्या उत्तरेश्वराला एकदा घरी घेऊन ये, पोहे करतो. दोघांना एकमेकांची इतकी ओढ आणि मध्ये मी, वायर धरून उभा. खरं सांगतो, दोघांच्याही एकेक ठेवून द्यावीशी वाटायची.

दोन हजार एक साली अमेरिकेत कंपन्या धडाधड बसल्या. धायरीतली दोन-तीन पोरंही परत आली होती. एका रविवारी विश्वजीतचा फोन आला तो आवाजच वेगळा. "कंपनी बंद झाली, शंभ्या. जागा सोडायचीय. आज एकच विचारतो. त्यांनी नीट उत्तर दिलं तर नाव सांगतो आणि तिकीट काढतो." मी म्हणालो, विचार. तो म्हणाला, "रागानं घर सोडून गेलेल्या मुलाला कुठल्या राजानं कधी परत बोलावलं आहे का?"

मी प्रश्न जसाच्या तसा सांगितला. खोली त्या दिवशी भरलेली होती. सरांनी खिडकीकडे बघितलं आणि मग त्यांचं ते ठेवणीतलं हसू चेहऱ्यावर आलं.

"उत्तरेश्वरराव, राजांना मुलांचा तुटवडा नसतो. एक गेला की दुसरा गादीवर. पुढचा."

सतरंजीवर हशा पिकला. कुणीतरी टाळीही दिली. मी रिसीव्हर ओढून कानाला लावला. "विशू, अरे त्यांना माहीत नाही..."

"कळलं," तो म्हणाला. "ठेवतो."

सर म्हणाले, "ठेवला? आभार न मानता? वाघोलीला रीत नाही वाटतं."

त्यानंतर उत्तरेश्वराचा फोन आला नाही. मी ई-मेल पाठवली ती परत आली, तो पत्ता कंपनीचाच होता. जुन्या नंबरावर कुणीतरी भलतंच इंग्रजीत बोललं. इकडे दर रविवारी सर फोनकडे बघत बसायचे. सोजरबाईंच्या प्रश्नावर टोमणा मारायचंही विसरायला लागले. शेवटी एका रविवारी मंडळी गेल्यावर मी वायर गुंडाळत होतो आणि ते म्हणाले, "शंभू, उत्तरेश्वर आजारी तर नाही ना? तुझ्या मेहुण्याला विचार. मी त्याला काही लागेल असं बोललो का?"

मला मेहुणा नाही. मी भेंडोळं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं.

सरांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते कितीतरी वेळ कॅमेऱ्याच्या स्टँडला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मला उत्तर येत होतं रे. रशियाच्या पीटरचा मुलगा असाच ऑस्ट्रियाला पळून गेला होता. बापानं वचन देऊन परत बोलावलं. आणि मग कैदेत हाल करून मारलं. प्रश्न ऐकल्याबरोबर तेच आठवलं, दुसरं काही आठवेचना. इतकं वाईट कशाला सांगायचं, म्हणून विनोद केला." खुर्चीत बसले. "माझा विशू. वर्षभर माझ्याशी बोलत होता. आणि मी लोकांना हसवत बसलो."

मी म्हणालो, सर, शोधू या. आम्ही शोधलं. त्याच्याबरोबर शिकलेल्यांना फोन केले, परत आलेल्या पोरांना भेटलो. कुणी म्हणालं कॅनडात गेला, कुणी म्हणालं सिंगापुरात दिसला होता. सर प्रत्येकाला म्हणायचे, भेटला तर सांगा, बाबांनी बोलावलंय. पूर्वी कुणापुढे मान न वाकवणारा माणूस, पण आता पोरासोरांपुढे हात जोडायचा. मला बघवत नव्हतं.

मग एका रविवारी ते गच्चीवर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट अंगावर होता. खोलीत मोजकीच माणसं होती. लोक आता घरी इतर चॅनल बघत होते. सर म्हणाले, "आज पहिला फोन घ्यायच्या आधी मला एक चूक दुरुस्त करायची आहे." आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं.

"वाघोलीच्या उत्तरेश्वरांनी विचारलं होतं, रागानं गेलेल्या मुलाला कुठल्या राजानं परत बोलावलं का. मी चुकीचं उत्तर दिलं. राजांचं जे मला माहीत आहे ते चांगलं नाही, ते सोडून द्या. मास्तरांचं सांगतो. मास्तर बोलावतात. त्यांना दुसरा मुलगा नसतो. मास्तरांना आपल्या विषयाची लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती. आपल्यासारखे दिवस मुलाला येतील याची भीती. हे त्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "धायरी, गणपती मंदिरामागची इमारत, दुसरा मजला. दाराला आतून कडी नसते. तोंड दाखवायला ये, बाळा."

कुणी हसलं नाही. सरांचे शब्द माझ्या वायरीतून निघाले, आळीआळीनं घरोघरी गेले आणि वडगावच्या कालव्याशी थांबले. त्याच्या पलीकडे ते जाणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि मला वाटतं सरांनाही.

तेवढ्यात फोन वाजला. मी इतक्या घाईनं उचलला की रिसीव्हर हातातून निसटला. सरही खुर्चीतून अर्धे उठले होते.

सोजरबाई होत्या. आवाज ओला झालेला.

"शंभू, सरांना इचार बाबा," त्या म्हणाल्या. "बापानं बोलावलं, ते त्या पोराला कळलं का?"

मी रिसीव्हर धरून तसाच उभा राहिलो. सरांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं असणार की फोन कुणाचा आहे आणि कुणाचा नाही. ते हळूहळू खाली बसले.

"शंभू," ते म्हणाले, "प्रश्न जसा आला तसा सांग."

मी सांगितला.

सर टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले. कॅमेरा चालू होता, धायरीतल्या घराघरांत ते दिसत होते.

"माहीत नाही," सर म्हणाले.

'पुढचा' म्हणतील म्हणून मी वाट बघत राहिलो. ते म्हणालेच नाहीत.