डाव्या हाताची नाडी

"आधी बघा रं, मग वरडा! पाठ लागल्याबिगर कुस्ती झाली म्हणू नका!"

हा माझ्या आप्पांचा आवाज. निपाणीकडच्या आमच्या गावात जत्रेच्या फडात कर्णा तोंडाशी धरून ते कुस्तीचं निवेदन करायचे. हलगी तापलेली असायची. कुणाचा पैलवान खाली गेलासा दिसला की अर्धं मैदान फेटे उडवायला उठायचं, आणि आप्पा एवढ्या एका वाक्यात त्याला परत मातीवर बसवायचे. मी सात-आठ वर्षांची, त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभी. आप्पांना जाऊन वीस वर्षं झाली. आवाज मात्र राहिला. मी खोटं बोलते त्या दिवशी तो जरा मोठ्यानंच ऐकू येतो.

आणि गेली तीन वर्षं मी बहुतेक रविवारी खोटं बोलत होते.

कन्नड मुलखातल्या मोठ्या शहरात, जे. पी. नगरमधलं एक कल्याण मंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय. लग्न नसलेल्या रविवारी दुपारी चार वाजता तिथं आमचा कुस्तीचा खेळ असे. नवरा-नवरी बसतात त्या जागी दोरांची रिंग, वरच्या भोजनशाळेतून कालच्या सांबाराचा वास आणि खाली आठशे माणसं. कोरमंगलाच्या पीजीतली पोरं, रिक्षावाले, कापड कारखान्यातल्या बाया, आजोबांच्या खांद्यावर नातवंडं. सगळे एकाच माणसासाठी आलेले. वज्राण्णा!

तो आधी सुरजशी लढायचा. सुरज सव्वाशे किलोचा गडी. तो वज्राण्णाला डोक्यावर उचलायचा, गोल फिरवायचा आणि आदळायचा. वज्राण्णा निपचित. ढोल थांबायचे. मग जरीकाठी उपरणं सावरत हयवदन सर रिंगमध्ये चढायचे. खेळ त्यांचा, मालकी त्यांची.

"बंधूंनो! हृदय स्टॉप! मेंदू स्टॉप! इथं डॉक्टर फेल, सायन्स फेल! हिमालयातल्या एकशे सत्तर वर्षांच्या योग्यानं या बालकाला प्राण परत बोलावायची विद्या दिली आहे. विश्वास नाही? या, स्वतः नाडी बघा!"

बालक बत्तीस वर्षांचं होतं आणि हिमालय सोडा, तुमकूरच्या पलीकडं कधी गेलं नव्हतं. पण कुणीतरी चढायचंच. बहुतेक वेळा चंपा. कापड कारखान्यात बाह्या जोडणारी, एकही खेळ न चुकवणारी, खरी, भाबडी चंपा. यल्लाप्पा पंच वज्राण्णाचं डावं मनगट तिच्या बोटांत द्यायचे. ती डोळे मिटायची आणि किंचाळायची, "इल्ला! नाडी नाही!"

आता माझी, निवेदिकेची पाळी. मी आप्पांकडून उचललेल्या चालीवर, स्वतः जोडलेलं कडवं माइकवर म्हणायचे:

*ऊठ ऊठ रं वाघा, तुला माती हाक मारी,*
*आठशे उरांतली फुंकर तुझ्या उरी!*

आठशे माणसं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची आणि हेच कडवं म्हणायची. कुणाला मराठी यायचं, कुणाला नाही. आणि वज्राण्णाचं एक बोट हलायचं. मग दुसरं. मंटपाचं छप्पर उडेल असा गलका. लोक रिंगमध्ये घुसायचे, त्याला खांद्यावर घ्यायचे आणि दारापर्यंत मिरवायचे.

आमच्या हयवदन सरांच्या तर्कशास्त्रात एक गोष्ट मात्र पक्की बसली होती. जिंकणाऱ्या पैलवानासाठी माणसं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. पण आपण बोलावलं म्हणून जो उठतो, त्याला ती आपलाच समजतात. आठवडाभर साहेबाच्या, घरमालकाच्या, नशिबाच्या हातून आपटी खाल्लेल्या माणसाला रविवारी कुणालातरी उठवायला मिळतं. ही काय छोटी गोष्ट आहे? वज्राण्णा चमत्काराआधीही लोकांचा लाडका होता तो यामुळंच. तो पडायचा आणि हळूहळू, कुणाच्या तरी डोळ्यात बघत, आपल्याआपण उठायचा. ते पुरेसं होतं. सरांना पुरेसं वाटलं नाही.

वज्राण्णाचं खरं नाव अभिमन्यू. बसवनगुडीतल्या जुन्या मराठा घरातला. त्याच्या घरी कैक पिढ्या मराठीच बोलतात, पण मधूनमधून कन्नड असं मिसळतं की शिवण दिसत नाही. मला अक्का म्हणायचा.

त्या रविवारी खेळाआधी तो नवरीच्या खोलीत बसला होता. आरशावर कुठल्याकुठल्या नवरीमुलींनी लावून ठेवलेल्या टिकल्या. त्यांच्यामध्ये त्याचा चेहरा.

"अक्का, हे स्वल्प बांधा की." त्यानं मनगटाची पट्टी पुढं केली. "बोटांना मुंग्या येतात. गाठ बसत नाही."

"कधीपासून?"

"झाले दिवस."

"डॉक्टरला दाखवलंस?"

तो हसला. "गेलो होतो. नंबर लावला. रांगेतल्या लोकांनी ओळखलं. म्हणाले, वज्राण्णा, तुला कशाला डॉक्टर? कंपाउंडर तर डोक्यावर फुली करून पायाच पडला. एक बाई म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेव, मग आम्हीपण निघतो, फी वाचेल."

"मग?"

"मग काय. हात ठेवला आणि निघालो. सरी, बरं, सोडा ते."

"अभी, मान दुखते का तुझी?"

"छे!" तो इतक्या पटकन म्हणाला की मला कळायला हवं होतं. तसं कळलंच होतं. पण ढोल सुरू झाले आणि आम्ही दोघं आपापल्या खोट्याकडं चालायला लागलो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या खेळात पाडणारा आणि पडणारा दोघं मिळून ते पडणं रचतात, पण कधीकधी खरंच लागतं. तेव्हा पंच डोक्यावर हातांची फुली करतो. जगभर या धंद्यात त्या फुलीचा अर्थ एकच. नाटक थांबलं, मदत पाठवा. तीन वर्षांपूर्वी अभिमन्यूच्या मानेला पहिल्यांदा लागलं तेव्हा यल्लाप्पांनी फुली केली. लोकांना वाटलं, हा काही मंत्र आहे. त्यांनीही हात वर केले. नेमका तेव्हाच अभिमन्यू कसाबसा उठला. झालं! सरांनी त्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं 'प्राणमुद्रा'. बनियनांवर छापली.

बुडणाऱ्याच्या हाकेची आम्ही आरती करून टाकली होती.

त्या दुपारी सुरजच्या हातावरून घाम ओघळत होता. त्यानं अभिमन्यूला वर उचललं, आणि पकड सुटली. अभिमन्यू पाठीवर यायचा तो मानेवर आला. आवाज नेहमीसारखाच झाला. लोकांना नेहमीसारखंच वाटलं.

यल्लाप्पा वाकले. त्याचा हात हातात धरला. ही आमची गुपचूप रीत. ठीक असलेला माणूस हात दाबतो. यल्लाप्पांचा चेहरा मी बघत होते. तो उतरत गेला. ते उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावर फुली केली.

आठशे माणसांनी हसत हसत फुली केली.

यल्लाप्पांनी हात हलवून पुन्हा केली. लोकांनीही हात हलवून पुन्हा केली. म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. "आज काय रंगलाय रे पंच!" कुणीतरी म्हणालं.

चंपा तोवर चढलीही होती. तिनं सवयीनं डावं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि उघडले.

"आहे!" ती आनंदानं ओरडली. "नाडी आहे! आज वज्राण्णा मेलाच नाही!"

मंटप नाचायला लागलं. नवा चमत्कार! मी मात्र त्याच्या डाव्या बगलेकडं बघितलं. नाडी का थांबते ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्या अंगरख्याच्या डाव्या बगलेत एक चोरखिसा होता, त्यात रबरी चेंडू. दंड अंगाशी दाबला की नाडी थांबायची. आज चालू होती, याचा अर्थ त्याला हात दाबता येत नव्हता.

पहिली दहा-बारा माणसं दोर ओलांडत होती. आता त्याला खांद्यावर घेणार. ती मान तशीच हिंदकळणार.

कानातल्या यंत्रात हयवदन सर: "मॅडम, कडवं म्हणा! स्वल्प ड्रामा वाढवा!"

मी रिंगमध्ये शिरले. "थांबा! हात लावू नका त्याला! हे खरंच ला..." माइक मेला. सरांनी बंद केला होता.

मग मी माइक टाकला. सात वर्षांची असताना ज्या आवाजाखाली उभी असायचे, तो आवाज पोटातून वर आला.

"आधी बघा रं, मग वरडा!"

दोरांवरचे लोक थबकले. मी अभिमन्यूच्या बगलेत हात घालून चेंडू काढला आणि वर धरला.

"हा योगी! हा हिमालय! बगलेत दाबला की हाताकडं जाणारं रक्त अडतं आणि मनगटाची नाडी थांबते. काळीज चालूच असतं. तीन वर्षांत तुमच्यातल्या एकानंही उजवा हात मागितला नाही, छातीला कान लावला नाही. आणि मला माहीत असून मी बोलले नाही. आज त्याच्या हातात जोर नाही, म्हणून नाडी लागते आहे. मान दुखावली आहे. ही फुली प्राणमुद्रा नाही, मदतीची हाक आहे. हात खाली करा. वाट मोकळी करा."

मग मागून एक जण खो खो हसला. "अक्का पण भारी ॲक्टिंग करते!" पुन्हा टाळ्या. पुन्हा फुल्या. सत्य सांगितलं तर तेही तिकिटातलंच निघालं. आम्ही बांधलेल्या पिंजऱ्याला आम्ही दारच ठेवलं नव्हतं.

तेव्हा चंपानं माझ्या हातातून चेंडू घेतला. तो उलटसुलट बघितला. मग अंगरख्याच्या बगलेवरून बोट फिरवलं.

"ही दुहेरी शिवण," ती स्वतःशीच म्हणाली. "दिवसाला चारशे बगला शिवते मी. आणि ही दिसली नाही मला!"

तिनं चेंडू आपल्या बगलेत धरला, दंड दाबला आणि पुढच्या दोरावरच्या धिप्पाड रिक्षावाल्यापुढं मनगट धरलं. "बघ रे. आधी बघ."

त्यानं बोटं ठेवली. वाट पाहिली. "इल्ला," तो पुटपुटला. चंपानं दंड सैल सोडला. "आली!" त्यानं चंपाकडं पाहिलं; ती उभी होती, बोलत होती, जिवंत होती, आणि कुठल्याच योग्याला ओळखत नव्हती. मग त्यानं खाली पडलेल्या माणसाकडं पाहिलं. खरंच पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. आणि मागं वळून दोन्ही हात पसरून ओरडला, "मागं सरा रे! कुणी शिवायचं नाही त्याला! ॲम्ब्युलन्स बोलवा!"

हात एकेक करून खाली आले. वारा पडल्यावर जोंधळ्याचं रान स्थिर होतं तसे. रुग्णवाहिकेची माणसं आली, त्यांनी मानेला पट्टा लावला, फळीवर घेतलं. आठशे माणसांनी भिंतीला टेकून वाट दिली. कुणी कडवं म्हटलं नाही. त्याला उठवायला त्यांनी त्या दिवशी जे केलं, ते तीन वर्षांत केलं नव्हतं. ते बाजूला झाले.

इस्पितळात डॉक्टर देवश्री मूळच्या साताऱ्याच्या निघाल्या. त्या अभिमन्यूच्या तळपायाला सुई टोचत होत्या.

"टोचतंय?"

"काही नाही डॉक्टर. ठीक आहे."

"इथं?"

"ठीक आहे."

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मला त्यांची भीती कळली. न दुखणं ही तिथं सगळ्यात वाईट बातमी होती. आणि हा माणूस तीच बातमी हसतमुखानं देत होता, कारण दुसरं उत्तर त्याच्या जिभेला माहीतच नव्हतं.

मी त्याच्या डोळ्यांसमोर वाकले. "अभी, चेंडू बाहेर आलाय. सगळ्यांनी बघितलाय. इथं कुणी तिकीट काढून बसलेलं नाही. डॉक्टर विचारतात ते खरं सांग."

तो छताकडं बघत राहिला. डॉक्टरांनी सुई पुन्हा टेकवली. त्याच्या डोळ्यांच्या कडा भरून आल्या.

"टोचतंय," तो म्हणाला. मग एकदम, जणू बांध फुटावा तसा: "दोन्ही पायांना टोचतंय. मान दुखते. अक्का, त्या पहिल्या फुलीच्या दिवसापासून दुखते. रोज दुखते."