भिंतीवरचा फोटो

माझा नवरा मुदत संपलेल्या औषधांवरची तारीख थिनरने पुसतो आणि नवी छापतो. घटस्फोटाची केस लागली तशी वकीलबाई म्हणाल्या, "तक्रार ठोका, चांगला कचाट्यात सापडेल."

"दुकानाचा परवाना माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "फार्मसी मी शिकलेय, तो नाही. आधी बेड्या मला पडतील."

वकीलबाईंनी उठून पंखा वाढवला.

परतताना दुकानात डोकावलं. भिंतीवर परवान्याशेजारी माझा फोटो, खाली गल्ल्यावर तो मेला बसलेला. एक आजोबा बीपीच्या गोळ्या पिशवीत टाकत होते. मला बघून हसले.

"पोरी, दुसरीकडे स्वस्त मिळतात गं. पण तुझा फोटो बघितला की विश्वास वाटतो."

मी तोंड उघडलं.

"वेळेवर घ्या हं, आजोबा," एवढंच बाहेर पडलं.