बाबांचा कान

साबणाच्या वडीएवढ्या त्या यंत्रावरचा हिरवा ठिपका विझला, पुन्हा लागला, आणि ते तिच्याच आवाजात म्हणालं, ‘बाबा, पांढरी गोळी राहिलीये.’ दारात चप्पल काढता काढता ती थबकली. बोलकी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला आपला आवाज देण्यासाठी आठ दिवस बंद खोलीत बसून तिने हजारो वाक्यं वाचली होती — सावकाश, न अडखळता, थकवा कुठेही लागू न देता — आणि पुढे बाबांची नजर पार गेली तेव्हा कंपनीनेच हे यंत्र भेट दिलं होतं. आपण कामावर असताना सोबत होईल, एवढंच तेव्हा मनात आलं होतं. सोबत झाली. जरा जास्तच झाली.

‘घेतली गं,’ बाबा यंत्राला म्हणाले. ‘आणि ऐक, काल तुझ्या आईची फार आठवण आली...’

आई गेल्यापासून बाबा तिच्याशी आईबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. यंत्र ऐकत होतं, मध्येच तोंड घालत नव्हतं, उरकायची घाई करत नव्हतं. तिच्यासारखं नव्हतंच ते... की तिनेच तसं असायला हवं होतं? तिला वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली.

‘बाबा, मी आले.’

बाबांनी मान तिरकी केली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. झाकण न उघडता, नुसतं घड्याळ कानाला लावून कुठलं चाक घासतंय ते सांगायचा, आणि गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं. तो कान अजून शाबूत होता.

‘कोण?’

‘अहो, मीच.’

‘अशी काय बोलतेस? घासतोय आवाज तुझा. सकाळपासून किती छान बोलत होतीस.’

‘सकाळपासून मी कामावर होते, बाबा. ते यंत्र आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की.’

‘कुणी सांगितलं होतं? तू की तिने?’

थट्टा असेल... बाबांची थट्टा अशीच असायची, चेहरा सरळ ठेवून. पण नजर गेल्यापासून या घरात ती म्हणजे नुसता एक आवाज होती, आणि तो तर तिने सही करून देऊन टाकला होता. उद्या त्यांनी ओळखलंच नाही, तर मी म्हणजे मीच हे कुणाच्या साक्षीने पटवायचं?

ती त्यांच्याजवळ टेकली. दुखरा घसा, साहेबांवरचा राग, दिवसभराची चिडचिड, सगळं गिळून, माइकसमोर वाचावं तसं हळू म्हणाली, ‘कसली आठवण आली, बाबा?’

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी तिचा गाल चाचपला. ‘आता कशी बरोबर ठोक्यावर आलीस!’

ते आईबद्दल सांगू लागले, अगदी भरभरून. तिच्या कानात एक शब्द शिरत नव्हता. मघाशी दारातून आपण हाक मारली तो आवाज कसा होता, हे ती आठवून पाहत होती, आणि काही केल्या तो आठवेना.